नेरेइदाने घातलेलं पाणी

मी घायपात बोलतोय. हिदाल्गो प्रांताच्या कोरड्या माळावर, तोमासाबाईच्या परसात बारा वर्षं ताठ उभा होतो. आज आडवा पडून बोलतोय.

नवरा गेला त्या वर्षी तोमासाने मला मुरमाड उंचवट्यावर लावलं. तेव्हा मी आईच्या मुळाशी फुटलेलं हातभर पिल्लू होतो. नंतर तिने माझे फारसे लाड केले नाहीत. कधी चुलीतली राख, कधी भोवतीचं गवत उपटणं, येताजाता एक नजर. तेवढ्यावर मी तिच्या डोक्याच्या वर गेलो. येत्या हिवाळ्यात माझा गाभा कोरायचा आणि त्यात साचणारा गोड रस रोज काढायचा, असं तिने ठरवलं होतं. बारा वर्षं ती त्याचीच वाट पाहत होती.

यंदा तिचा मुलगा हासिन्तो लग्न करून नेरेइदाला घेऊन आला. पोरगी वेराक्रूझच्या किनाऱ्यावरची, केळीच्या बागांत वाढलेली. पंधरा दिवसांत तो कामासाठी सरहद्दीपलीकडे गेला. मग तोमासालाही डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी शहरात बहिणीकडे जावं लागलं. निघताना म्हणाली, "सूनबाई, माझ्या घायपाताला काही कमी पडू देऊ नकोस हं."

एवढंच म्हणाली.

नेरेइदाने शब्द पाळला. रोज संध्याकाळी दोन बादल्या. ओतता ओतता माझ्याशी बोलायची. "आजही त्याचा फोन नाही रे. शेजारणी माझ्या बोलण्याची नक्कल करतात. तू तरी पोटभर पी."

तिसऱ्या आठवड्यात माझी मुळं घुसमटली. पानं पिवळी पडली. तिला वाटलं, याची तहान वाढली. तिने तिसरी बादली सुरू केली. 'पुरे' म्हणून ओरडावंसं वाटायचं. पण ती इतक्या मायेने ओतत होती!

दीड महिन्याने तोमासा परतली. एका डोळ्यावर पट्टी, तरी थेट परसात आली. माझ्या बुडाला हात लावला, तर बोट आत रुतलं.

"पाणी घातलंस?"

"रोज घातलं, सासूबाई."

"रोज? अगं, तुझ्या बापाच्या मळ्यातली केळ आहे का ही? बारा वर्षं गं माझी!"

नेरेइदा माझ्याजवळ बसून पिवळी पानं चाचपू लागली. "तुम्हीच म्हणालात, कमी पडू देऊ नको. आणि घरात दुसरं होतं कोण मला? याच्याशीच बोलायचे मी."

तोमासा आत जाऊन कुदळ घेऊन आली. ती सुनेच्या पुढ्यात टाकली. "ऊठ. खण. कोरड्या बाजूला एखादं पिल्लू जगलंय का बघ."

एक सापडलं, वीतभर. नेरेइदा सवयीने बादलीकडे वळली. तोमासाने तिचं मनगट धरलं. "आधी आठ दिवस सावलीत ठेव, जखम वाळू दे. आणि बोलायचं असेल तर माझ्याशी बोल. डोळ्यावर पट्टी असेल, कान शाबूत आहेत माझे."

मी आता कुंपणाशी पडलोय. रविवारी माझी पानं मांस भाजायच्या खड्ड्यात अंथरतील. माझा रस कुणाच्या ओठाला लागला नाही, ही सल माझ्याबरोबरच जाईल. रागावू तरी कुणावर? एवढंच मागतो, आम्हाला कुणाच्या हवाली करताना, आम्हाला काय सोसत नाही तेही सांगून जा.

तिकडे पायरीवर दोघी भाजीसाठी नोपाल निवडुंगाचे काटे काढत बसल्यात. नेरेइदा काहीबाही सांगतेय. तोमासाचं तोंड अजून फुगलेलंच आहे. पण पोरगी मध्येच थांबली की ती मान वर न करता विचारते, "मग?"