कोंबड्याचं गाणं चालू असताना

(गाणं सुरू.)

दोन हजार पाच साली आमच्या ह्यूस्टनमधल्या दोन स्पॅनिश रेडिओ कंपन्या एकदमच तरुण झाल्या. जुनी गाणी बंद, दिवसभर रेगेटोन, म्हणजे तरुण पोरांचं ठेक्यावरचं धडाडधूम संगीत. तिसरी कंपनी आमची. मालक रुबेन कांतू म्हणाला, सोमवारपासून आपणही तरुण.

या धंद्याची एक रीत आहे. स्टेशनचा बाज बदलण्याआधी शनिवार-रविवार एकच गाणं वाजवत राहायचं, म्हणजे जुने श्रोते वैतागून आपोआप कटतात. रुबेनने अकॉर्डियनवरचं, एका उनाड कोंबड्याचं गाणं निवडलं. बटण दाबायचं काम माझं. दाबलं.

(संपलं. पुन्हा.)

सकाळचा कार्यक्रम ओफेलिया सामारिपाचा. लोक फोनवर नावं सांगत आणि ती गाण्याआधी ज्याचा त्याला सलाम पोचवी. घराबाहेरचं तिचं सगळं आयुष्य त्या माइकपुढे गेलेलं.

"डोन्या ओफेलिया, सोमवारपासून सकाळी तरुण आवाज लागेल," रुबेन म्हणाला. "तोवर फक्त फोन घ्या. 'सोमवारी गंमत आहे' एवढंच सांगा. माइकला हात लावायचा नाही."

"आणि सोमवारी मी काय करू?"

"आराम."

"तो तर तू बोलायला लागलास की मी करतेच, पोरा."

(पुन्हा.)

पहिला फोन टायरच्या दुकानातून आला.

"सेन्योरा, ते कोंबड्याचं लावा ना."

"चालूच आहे की."

"चालू आहे हो. पण माझ्या नावाने कुठे चालू आहे?"

(पुन्हा. आता मलाही पाठ.)

लाँड्रीतून फोन. बेकरीतून फोन. कुणाच्या मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा सोहळा होता, गाणी वाजवणारा आलाच नव्हता. हॉलमध्ये आमचा रेडिओ लावून सगळे नाचत होते. वैतागत कुणीच नव्हतं. वैतागला होता फक्त रुबेन.

रविवारी पुन्हा फोन वाजला. ओफेलियाने ऐकलं आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"तुझी आई."

"ममा, आत्ता नको. कामात आहे."

"कसलं काम? गाणं तर एकच आहे. त्या बाईंना सांग, माझं नाव घ्या म्हणावं. आणि तुझ्या मावशीचं आधी नको."

रुबेन माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे. तेवढ्यात ओफेलियाने माइक उघडला.

"सेन्योरा कांतू यांना त्यांच्या मुलाकडून सलाम. मुलगा कामात आहे."

फोनचे सगळे दिवे एकदम पेटले.

(सोमवार. दुसरं गाणं.)

रेगेटोन आलाच. मागे धडाडधूम चालू, आणि वर ओफेलिया सलाम देतेय, टायरवाल्याच्या सासूसकट.

"जरा भरभर," काचेमागून रुबेन.

"गाण्याला घाई आहे, रुबेन. माझ्या माणसांची नावं लांब आहेत."

रविवारचे ते फोन बघून त्याने तिला महिनाभर ठेवून बघू म्हटलं. पण महिना भरायच्या आधीच त्या दोनपैकी एका कंपनीनेही सकाळसाठी एक आजी शोधून आणली. रुबेन घाईघाईत आत आला.

"डोन्या, त्यांची सत्तरीची आहे म्हणे. तुमच्याहून मोठी."

ओफेलियाने हेडफोन सारखा केला.

"धीर धर. मीही रोज प्रयत्न करतेच आहे."