हाडं धुणारी

“ताई, तू आज लांब थांब. ह्याचं मी बघतो,” फावडं टेकवून पांडेलिस म्हणाला.

“तू खण. धुणं माझं काम आहे.”

ग्रीसमधल्या आमच्या लेस्वोस बेटावर माती कमी, मेलेले जास्त. म्हणून पुरल्याला तीन वर्षं झाली की खड्डा रिकामा करायचा, हाडं वाइनने धुवायची आणि पेटीत ठेवायची. पांडेलिस खणतो, मी धुते. बावीस वर्षं झाली. पहिल्या महिन्यात मी प्रत्येकासाठी रडले आणि अंथरूण धरलं. मग ठरवून टाकलं, नाव विचारायचं नाही. पायांपासून सुरुवात करायची आणि हातातल्या हाडापलीकडे बघायचं नाही. तेव्हापासून मला गाढ झोप लागते. लोक मला दगड म्हणतात. म्हणोत बापडे.

आज माझ्या स्त्रातिसची पाळी होती. मोटरसायकलच्या अपघातात गेला तो, चोवीस वर्षांचा. नवरा त्याच्याही आधी गेलेला. घरचं म्हणून माझी बहीण अर्गिरो तेवढी आली होती.

“अगं बये, पोटचा पोरगा ना तुझा! एक टिपूस तरी काढ डोळ्यांतून!” ती दफनभूमीच्या भिंतीजवळून ओरडली.

“आधी काम होऊ दे.”

मला भीती एकच होती. आज ढासळले, तर उद्यापासून प्रत्येक खड्ड्यात हाच दिसेल. मग कसलं काम आणि कसली झोप! म्हणून नेहमीसारखीच बसले. पावलं, नडग्या, मांड्या. पांडेलिस वाइन ओतत होता. बरगड्या धुतल्या, हात धुतले, एकेक हाड उन्हात मांडत गेले. मला काहीच झालं नाही. खरंच, काही नाही. बरं वाटलं.

शेवटी डोकं धुतलं, पांढऱ्या फडक्यात घेतलं आणि उठले. धुणारीने ते घरच्यांपुढे धरायचं, त्यांनी कपाळाला ओठ लावायचे, अशी आमच्याकडची रीत. पहिला मान आईचा. मी हात पुढे केले आणि बावीस वर्षं म्हणत आले तसंच म्हणाले, “आईने पुढे यावं.”

अर्गिरोने तोंडावर हात घेतला. पांडेलिसने टोपी काढली. कुणीच हललं नाही. मी हात तसेच पुढे धरून वाट बघत राहिले.