खाणारं पिल्लू

खुडूक कोंबडी माझी होती, हे आधी सांगून टाकते. तिनं अंडी द्यायचं थांबवून पिसं फुगवली, तेव्हा मी कोपरा झाडला, पाटीत भुसा घातला. आणि बाईसाहेब जाऊन बसल्या कुठं, तर माझ्या धाकट्या जावेच्या, दीपिकाच्या पाटीत! आमच्याकडं खुडूक कोंबडी जिथं बसेल तिथून तिला उठवत नाहीत. उठवली तर रुसून अंडी सोडते. आम्ही दोघींनी ताडकळसच्या बाजारातून बदकाची अकरा-अकरा अंडी आणली होती. तिच्या अंड्यांना माझी कोंबडी मिळाली, माझ्या अंड्यांना कुणी नाही.

"आक्का, तुमची बी घालू का चार-पाच हिच्याखाली? मावतेल," दीपिका म्हणाली.

अशी गोड बोलते ती. लग्न होऊन चार वर्षं झाली, एकदा चिडलेली पाहिली नाही. माझ्या हातचं वरण सगळे मुकाट जेवतात, तिच्या हातच्या वरणाचं मात्र पाहुण्यांना सांगतात. दुसऱ्याचं बघून पोटात दुखतं ना, त्याला ओवा लागू पडत नाही.

"मला नको कुणाची कोंबडी," मी म्हणाले. "मी बल्बवर काढते. बगच तू."

आमच्या ह्यांनी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब लावून दिला. अठ्ठावीस दिवस मी अंडी फिरवली, लाईट गेली की गोधडीत घेऊन पोटाशी धरली. नऊ फुटली. दीपिकाची सातच. हे शेजारणींना कळावं म्हणून मी दोनदा साखर उसनी मागून आले.

तिसऱ्या दिवशी माझं तोंड बंद झालं. दीपिकाकडं कोंबडी कुकूकुकू करून दाणा उचलायची, परत टाकायची, की सातही पिल्लं तुटून पडायची. माझी नऊ ज्वारीच्या कणीत उभी राहून ओरडत होती. खोक्यावरच्या डागाला चोच मारत होती, एकमेकांच्या पायाला मारत होती, फक्त कणीला नाही. चोच उघडून मी दाणा घातला, तर तो तसाच बाहेर पडला. चौथ्या दिवशी सकाळी दोन मेली. हातात घेतली तर काही वजनच लागेना. मी तिथंच बसून रडले.

ह्यांनी जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. "अंड्यातल्या बलकावर दोन-तीन दिवस निघतेत," डॉक्टर म्हणाले. "पुढं खायला शिकावं लागतंय. कणी भिजवून द्या, बाजूला उथळ ताटलीत पाणी ठिवा. आन् खाणारं एक पिल्लू त्यांच्यात सोडा. त्याचं बगून बाकीचे खातेत."

"दीपिकाकडून आण की एक," हे म्हणाले.

"मी मरंन पण मागणार न्हाई."

"तू कुठं मरायलीस? पिल्लं मरायलेत."

मी कणी भिजवली, पाणी ठेवलं. पिल्लं पाण्यात उभी राहून ओरडू लागली, एवढाच फरक पडला. दुपारी दीपिका मेंढरांमागं गेलेल्या तिच्या नवऱ्याची भाकर घेऊन निघाली. ती वळणाआड जाताच मी तिच्या अंगणात शिरले. माझं सगळ्यात मलूल पिल्लू पदराखाली होतं. ते कोंबडीजवळ ठेवलं, तिचं एक ठणठणीत उचललं. सातची सातच राहिली. सगळी पिवळी, कोण ओळखतंय!

त्या पिल्लानं खोक्यात पाय टेकले आणि तडक ताटलीत चोच खुपसली. माझी सहा गप्प झाली. एकानं मान वाकडी करून बघितलं. मग त्यानं चोच बुडवली, मान वर केली, गिळलं. थोड्या वेळात चार खात होती, मग सहाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

उन्हं कलली तेव्हा दीपिका दारात उभी. तिच्या ओंजळीत पिल्लू होतं, मान लोंबणारं, डोकं टोचून रक्ताळलेलं.

"आक्का, कोंबडीनं मारलं वो," ती म्हणाली. "सोताचं पिल्लू कोणती आई मारती? माझंच कायतरी चुकलं आसंल. मी पाटी हलवली होती सकाळी." आणि ती हुंदके देऊन रडायला लागली.

चार वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते. दीपिकाच्या हातून काहीतरी बिघडलंय आणि ती माझ्यासमोर रडतेय. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. पण तिच्या ओंजळीतलं ते पिल्लू माझं होतं. परकं म्हणून कोंबडीनं टोचलं होतं, आणि परक्यात नेऊन मीच ठेवलं होतं. आणि त्याच्यासाठी रडत होती ती.

"तुजं न्हाई ते," मी म्हणाले. "माजं हाय. तुजं आत खोक्यात हाय, माज्यांना खायला शिकवायलंय. मी बदललं दुपारी."

तिनं डोळे पुसले. खोक्यात डोकावून बघितलं. सातही पिल्लं ताटलीभोवती चोची आपटत होती.

"मागितलं आसतं तर मी दोन दिली आसती, आक्का."

"ठावं हाय मला," मी म्हणाले. "म्हणून तर मागितलं न्हाई."