कॉफी वर येईपर्यंत

संचालकसाहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. चौकशी अहवालाच्या तिसऱ्या पानावर, खाली सही करून, वर शिक्का मारून, खोटं लिहिलंत की केंद्राचं ध्वनिभांडार बुडालं ते एकट्या ओस्नियेलमुळे. तो अहवाल तुम्ही जिन्याजवळच्या फलकावर लावलात. मी उभ्यानं तीनदा वाचला. त्यात ओस्नियेलचं नाव अकरा वेळा आलंय. माझं एकदाही नाही.

मला आधी तेच झोंबलं. हे अगोदर कबूल करते, बाकीचं मग.

मी सेनाइदा. कामाग्वेच्या या रेडिओ केंद्रात यंत्रांच्या खोलीची किल्ली बारा वर्षं माझ्या गळ्यात होती. त्याआधी मी टेपांवरची धूळ पुसायची. शाळा नववीपर्यंत. लोकांनी फेकलेली माहितीपुस्तकं उचलून आणली, शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली, आणि तीन सर्व्हर आणि डिस्कच्या दोन पेट्या सांभाळायला स्वतःची स्वतः शिकले. त्या पेट्यांत काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते. चाळीस वर्षांचे आवाज. गावोगावचे शीघ्रकवी, गिटारीच्या ठेक्यावर जागच्या जागी दहा ओळींचं कडवं रचून समोरच्याची अब्रू काढणारे. त्यातले बहुतेक आता मातीत गेलेत. दमटपणानं चिकटलेल्या मूळ टेपा आपण उतरवून घेतल्या आणि टाकून दिल्या. राहिलं ते फक्त पेट्यांत.

लाईट गेल्यावर यंत्रं तगवून धरणाऱ्या बॅटऱ्या चार वर्षांपूर्वी मेल्या. नव्या मागणारी सहा पत्रं मी तुम्हाला लिहिली. दुसरी प्रत ठेवायला जागाही त्याच पत्रांत मागितली होती. उत्तर एकालाही नाही. तेव्हा लाईट जाणार म्हटलं की सगळं हातानं बंद करायचं आणि आली की हातानं चालू करायचं. आपला भाग वीजकपातीच्या चौथ्या गटात. वीज खात्यातला माणूस वीस मिनिटं आधी फोन करायचा. मी आधी चालू कामं थांबवायची, मग एकेक सर्व्हर झोपवायची, पेट्या सगळ्यांत शेवटी. उठवताना उलटं. पेट्या आधी. मग थांबायचं. मग सर्व्हर. सर्व्हर घाईनं उठला आणि त्याला पेटीतल्या डिस्क जाग्या दिसल्या नाहीत, की तो त्यांना मेलेल्या समजतो.

किती थांबायचं, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी पेट्यांचं बटण दाबायची आणि विजेच्या शेगडीवर कॉफीचं भांडं चढवायची. रेशनची कॉफी, निम्मी वाटाण्याची. ती उकळून वर आली, की सर्व्हर चालू. दारावरचा एउलोहियो म्हणायचा, "आमच्याकडे यंत्रंसुद्धा कॉफी घेतल्याबिगर कामाला लागत नाहीत." सगळे हसायचे, मीही हसायची. खरं कारण कुणाला सांगितलं नाही. लाईट येते तेव्हा अख्ख्या वस्तीचे फ्रीज आणि भाताचे कुकर एकदम चालू होतात, व्होल्टेज मरतं. व्होल्टेज मेलं की शेगडी हळू तापते. दोन पेट्यांतली जुनी पेटीही तितकीच हळू जागी होते. चांगल्या दिवशी कॉफी चार मिनिटांत वर यायची, वाईट दिवशी अकरा. एकदा आलीच नाही. त्या दिवशी मी काहीच चालू केलं नाही. दुपारच्या बातम्या उशिरा गेल्या म्हणून तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलंत, आठवतंय?

मग तुम्ही ओस्नियेलला आणलंत. सव्वीस वर्षांचा, विद्यापीठाचा इंजिनिअर. त्याला हातांची खुर्ची मिळाली. मी बारा वर्षं रंगाच्या डब्यावर बसत होते. त्याच्या टेबलावर पंखा आला. पहिल्याच महिन्यात भिंतीवरच्या गौरवफलकावर त्याचा फोटो. मी त्याच्या शर्टाच्या इस्त्रीवरसुद्धा जळायची. त्याच्या वळणदार अक्षरावरही. दुष्ट असता तर सोपं झालं असतं, पण पोरगा चांगला. आईनं दिलेल्या पावात पेरूची वडी असायची, त्यातला निम्मा मोडून माझ्यापुढे ठेवायचा आणि म्हणायचा, "मावशी, खा." मावशी! मी सेहेचाळीसची आहे. त्याचा पाव मी खायची आणि त्याचं वाईट चिंतायची.

त्यानं एक आज्ञावली लिहिली. फोन आला की एक कळ दाबायची. कामं, सर्व्हर, पेट्या, सगळं ओळीनं आपोआप बंद. लाईट आली की आपोआप चालू. तुम्ही टाळ्या वाजवल्यात, बाटली फोडलीत. हवानाच्या परिषदेत त्याला पाठवायचं ठरवलंत. आणि सगळ्यांसमोर मला म्हणालात की सेनाइदा, किल्ली याच्याकडे दे, आता तुला उठबस नको. जसं काही मी दमले म्हणून तक्रार केली होती.

किल्ली देताना त्यानं मला खोलीत नेलं. वहीतली यादी समोर धरली. पेट्यांनंतर थांबायची वेळ त्यानं पाच मिनिटं लिहिली होती. माझी कॉफी बघून, घड्याळ लावून मोजलेली. सलग तीन चांगल्या दिवसांची, वर एक मिनिट जादा.

"मावशी, तुम्ही बारा वर्षं ही यंत्रं सांभाळलीत. यात काही राहिलं नाही ना?"

मी यादीवरून बोट फिरवलं. पाचाच्या आकड्यावर थांबले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, अगदी शाळेतल्या मुलासारखा.

"सगळं आलंय," मी म्हणाले.

एवढंच. दोन शब्द. फलकावरचा त्याचा फोटो माझ्या डोळ्यांपुढे होता. मला वाटलं, एकदा तोंडावर आपटू दे. एक दिवस यंत्रं उठणार नाहीत, हा मला हाका मारत येईल, आणि मी भांडं शेगडीवर ठेवून सगळ्यांना दाखवीन. फक्त एवढंच हवं होतं मला. आवाज मरतील असं मनात नव्हतं. पण ते मनात नव्हतं म्हणून माझे दोन शब्द पुसले जात नाहीत.

अठरा दिवस सगळं नीट चाललं. रोज मी जिन्यावर बसून वाट बघायची आणि रोज हिरमुसून घरी जायची.

एकोणिसाव्या दिवशी भर दुपारी लाईट आली ती पिवळी. जिन्यावरचा दिवा निखाऱ्यासारखा लाल होता. सवयीनं मी पायरीवर शेगडी लावून भांडं चढवलं होतं. चार मिनिटं झाली, भांड्यात बुडबुडासुद्धा नाही. मला कळलं. एउलोहियो म्हणाला, "काय गं, आज तुझी कॉफी झोपली का?" मी वर पाहिलं. यंत्रांच्या खोलीचं दार वीस पावलांवर. उठले असते तर पोचले असते. मी झाकण उघडून पुन्हा लावलं आणि बसून राहिले.

आत सर्व्हर वेळेवर उठला. जुन्या पेटीतल्या निम्म्या डिस्क जाग्या नव्हत्या, त्यांना त्यानं मेलेल्या धरलं. आज्ञावलीत ओस्नियेलनं लिहून ठेवलं होतं की काही गडबड दिसली तर आपोआप दुरुस्ती सुरू करावी. ती सुरू झाली. दोन्ही पेट्यांत वाटून ठेवलेल्या चांगल्या आवाजांवर कचरा लिहिला जाऊ लागला. ओस्नियेल धावत बाहेर आला आणि ओरडला, "मावशी, काय करू?" मी उठेपर्यंत लाईट पुन्हा गेली, दुरुस्तीच्या मध्यावर. नंतर दोघांनी मिळून आठ दिवस खटपट केली. हाती लागले ते जाहिरातींचे तुकडे आणि एका शीघ्रकवीच्या साडेचार ओळी. समोरच्याची खोड काढायला त्यानं सुरुवात केली आहे, आणि मध्येच गप्प.

त्या आठ दिवसांत ओस्नियेलनं मला एकदाही विचारलं नाही की तुम्हाला ठाऊक होतं का. पाव मात्र मोडून देत राहिला. शेवटच्या दिवशी मी तो खाल्ला नाही. तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्याला कळलं. चौकशीतही त्यानं माझं नाव घेतलं नाही.

तुम्ही त्याला काढलंत. आता तो रेल्वे स्टेशनच्या मागे एका दारात बसून लोकांचे मोबाईल दुरुस्त करतो. हातांची खुर्ची तुम्ही मला दिलीत. पंखा दिलात, किल्ली दिलीत, आणि वर म्हणालात, "बघ, शेवटी जुनं तेच सोनं." जे जे मी त्याचं मत्सरानं मोजत होते ते सगळं माझ्या पदरात टाकलंत. खुर्चीत बसले तर अंग भाजलं.

आणि तरी खरं सांगते, अहवाल वाचून मी पुन्हा त्याच्यावर जळले. अकरा वेळा नाव! अपराधसुद्धा तुम्ही सबंध त्यालाच दिलात. बारा वर्षं ती यंत्रं मी सांभाळली, पण बुडवण्याइतकीही अक्कल सेनाइदाकडे असेल असं तुमच्या चौकशीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. कुणी मला बोलावलं नाही. नववी शिकलेल्या बाईला काय विचारायचं?

म्हणून मीच लिहितेय. या कागदाची एक प्रत त्याच फलकावर लावली आहे, तुमच्या अहवालाच्या शेजारी. सहाही पत्रांच्या नकला खाली टाचल्या आहेत, तुमच्या कार्यालयाच्या पोच-शिक्क्यासकट. किल्ली तुमच्या दाराच्या कडीला अडकवली आहे. उद्या लाईट आली की यंत्रं तुम्ही उठवा. शेगडी खोलीतच आहे.

ओस्नियेलनं पाचाचा आकडा लिहिला, तो त्याचा वाटा. मी एकदा खोटं बोलले आणि एकदा बसून राहिले, तो माझा. तुम्ही सहा वेळा गप्प बसलात. आता सांगा, आणि लेखी सांगा: तिसऱ्या पानावर माझं नाव कुठल्या ओळीत घालणार, आणि तुमचं कुठल्या?