गगनचं माहेर

मी तापट आहे, हे आमच्या तालुक्याच्या कोर्टात शिपायापासून न्यायाधीश साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. सत्यशीला वकीलबाई उभ्या राहिल्या की पंखा वाढवा, असं तिथं गमतीनं म्हणतात. म्हणोत बापडे. त्या दिवशी माझा राग कामाला आला.

गगन रोकायाच्या जामिनाची सुनावणी होती. देवळाली प्रवरेच्या अलीकडे, उसाचे ट्रॅक्टर चहाला थांबतात तिथं बिभीषणचा चायनीजचा गाडा आहे. गगन त्या गाड्यावर कढई हलवतो. नेपाळातून आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं, आता कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागलेत. गावाची लेझीम त्याच्याशिवाय उभी राहत नाही. बोलणं कमी, पण बोलतो ते आमच्यासारखंच. गाव त्याला 'बहादूर' म्हणतं. त्याला दुसरं नाव आहे, हे मलाही कोर्टाच्या कागदावर पहिल्यांदा दिसलं.

गाड्यामागं एक पोतं सापडलं, त्यात विहिरींच्या मोटारींची चोरलेली केबल होती. गगनचं म्हणणं, कोणी गिऱ्हाईक विसरून गेलं असेल म्हणून मी ते उचलून आडोशाला ठेवलं. चांगुलपणा अंगाशी आला. पोलिसांनी त्यालाच उचललं आणि बिभीषणनं हात वर केले.

सरकारी वकील उठले आणि म्हणाले, "आरोपी परदेशी नागरिक आहे. एकदा सीमेपलीकडे गेला की सापडायचा नाही. जामीन देऊ नये."

माझं डोकंच फिरलं. "परदेशी? हे आत्ता आठवलं? अटक करताना नाही आठवलं? परदेशी आहे ना, मग परदेशी माणसाचे हक्कही द्या त्याला! तुझ्या देशाच्या दूतावासाला कळवायचं का, हे त्याला लगेच विचारायला हवं होतं. व्हिएन्ना करारात तसं लिहिलंय आणि आपल्या देशानं तो करार मान्य केलाय. विचारलं कोणी त्याला?"

मागून हवालदार काकासाहेब अगदी मनापासून म्हणाले, "म्याडम, नेपाळी कुठं परदेशी आसतो व्हय? त्यो तर आपलाच हाय."

सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. आपला म्हणून हक्क सांगायचे नाहीत आणि परका म्हणून जामीन द्यायचा नाही, असं दोन्हीकडून चालणार नाही, असं ते म्हणाले. आरोपीला हक्क समजावून सांगा, तो हो म्हणाला तर ताबडतोब कळवा, असा हुकूम झाला आणि जामिनाला पुढची तारीख पडली.

मी विजयी मुद्रेनं तुरुंगात भेटायला गेले. सोबत बनुबाई होती, गगनची घरमालकीण. गगननं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नको म्याडम. दूतावास नको."

"अरे, का?"

"मी परदेशी हाय, आसं माझ्याच तोंडानं कसं म्हनू? उद्या सुटून आलो की गाव म्हनंल, जा मग तुझ्या देशात. मला लेझमीत कोन घेईल?"

मी समजावलं, मग चिडले. या बाबतीत कायदा जबरदस्ती करत नाही. ज्याचा हक्क त्यानंच नको म्हटलं तर दूतावासाचा माणूसही त्याच्यासाठी काही करू शकत नाही. "मग बस इथंच गज मोजत!" असं मी म्हणाले, आणि बनुबाईनं मला कोपरानं बाजूला सारलं.

"गगन, मी ह्या गावात नांदाया आले. मी ह्या गावची न्हाई का?"

"हायसा की मावशी."

"मालकानं मला घराभाईर काढली हुती, तवा बैठकीला कोन आलं? माझा भाऊ. माहेरचं मानूस आल्याबिगर बैठक बसत न्हाई, बाबा. माहेराला निरोप धाडला म्हून मला कुनी परकी म्हनलं न्हाई. उलट समद्यांला कळलं, हिच्यामागं इचारनारं कुनीतरी हाय. ज्या बाईचं माहेर गप बसतं, तिचं हाल कुत्रं खात न्हाई."

गगननं जाळीला बोटं अडकवली. मग म्हणाला, "कळवा, म्याडम."

दिल्लीहून दूतावासाच्या अधिकाऱ्यांचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी तुरुंगाच्या ऑफिसातच होतो. गगननं रिसीव्हर कानाला लावला. पलीकडून त्याच्या भाषेत कोणीतरी काही विचारलं असावं, कारण त्यानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग बोलायला लागला आणि थांबेचना. हातवारे केले, हसला, मध्येच बहुतेक त्या अधिकाऱ्यांनाही झापलं, डोळे पुसले, पुन्हा बोलला. आमच्याशी 'व्हय' आणि 'न्हाई' यांपलीकडे फारसा न जाणारा हा माणूस!

"आगं बया, ह्यो येवढा बोलतो?" बनुबाई म्हणाली आणि तिलाच रडू आलं. माझंही काही वेगळं नव्हतं.

पुढच्या तारखेला दूतावासाचं पत्र कोर्टात होतं. गगन कोण, कुठला, घरी कोण असतं, सगळं त्यात होतं, आणि खटला संपेपर्यंत आमचं लक्ष राहील, असंही होतं. 'सापडायचा नाही' हे आता सरकारी वकिलांना म्हणता येईना. बनुबाई आपल्या शेताचा सातबारा घेऊन जामीन राहिली. साहेबांनी गगनला सोडलं. खटला अजून उभा आहे, पण मी लढायला तयार आहे आणि गगनही.

बाहेर बिभीषण खाली मान घालून टेम्पो घेऊन आला होता. बनुबाई पायरीवर गगनला त्याच्या गावाचं नाव विचारत होती, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिला ते नीट म्हणता येईना आणि नीट आल्याशिवाय तो तिला सोडेना.

तेवढ्यात आतून काकासाहेबांनी हाक मारली, "ए बहादूर, एक सही ऱ्हायली रं!"

गगनच्या आधी बनुबाईच वळली. "गगन म्हना, हवालदार. त्याला माहेर हाय."

काकासाहेब कागद घेऊन दारात आले. मग म्हणाले, "या गगनराव, सही करून जा."