कोठीतले इंजिन

वादळाने पिंप्राळ्यातले विजेचे खांब आडवे केले, त्याला तिसरा दिवस लागला होता. मुलगा पारस धुळ्याला मालाच्या कामाने अडकलेला. घरात मी, सून मंजू आणि नऊ वर्षांची नात पलक. कूलर चालावा म्हणून पारसने जाण्याआधी पेट्रोलचा जनरेटर अंगणात मांडून दिला होता.

भिंतीपलीकडे उपाश्रयात साध्वीजींचे व्याख्यान चालू होते. आमच्या धडधडाटात त्यांचा शब्द बुडावा, हे या घराला शोभणारे नव्हते. मी जनरेटर मागच्या कोठीत हलवायला लावला आणि दार ओढून घेतले.

"माँसा, धूर कोंडेल," मंजू म्हणाली.

"चाळीस वर्षे मिरचीच्या वखारीत बसले आहे. पोत्यात ओल शिरली तरी बाहेरून सांगते. धूर झाला तर मला कळणार नाही?"

माझ्या नाकाशी या घरात कोणी वाद घालत नाही.

दुपारी पलकचे डोके दुखू लागले, मग उलटी झाली. मी म्हटले, ऊन लागले. कैरीचे पन्हे पाजले, खिडक्या लावून घेतल्या आणि तिला कूलरसमोर निजवले. कूलरची पाठ कोठीच्या बोळाकडे होती, हे मला तेव्हा सुचले नाही. मंजूही कपाळ धरून बसली. माझे पाय जड झाले होते. तो दोष मी वयावर टाकला. वास कसलाच नव्हता.

भांडी घासायला गुंताबाई आली. सातपुड्याच्या पायथ्याची बाई, बोलणे थोडे. उंबऱ्यातच थांबली.

"अक्का, तुमले बी गरगरस का?"

"वय झाले माझे."

"अन् वहिनीनं बी वय व्हई गयं का?" तिने पलकच्या गालाला हात लावला. "हाई ऊन नही शे. इंजिननी हवा शे. मन्हा भाऊ सिंगा विहीरमा इंजिन लाईसन उतरना, जित्ता वर उनाच नही. वास बी नव्हता."

"मला शिकवतेस?"

"भांडण मंग करा. पहिले बठ्ठा जण बाहेर निघा."

तिने पलकला उचलले. पोरीची मान तिच्या खांद्यावर लुळी पडली. मंजूचा हात धरून मी रस्त्यावर आले. जनरेटर बंद करायला मंजू वळली, तशी गुंताबाई ओरडली, "तथा कोणी जाऊ नका! पेट्रोल सरनं का आपोआप बंद व्हई."

दवाखान्यात पलकला प्राणवायू लावला. डॉक्टर म्हणाले, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. जनरेटर उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून लांबच हवा. आणखी अर्धा तास गेला असता तर...

दुसऱ्या दिवशी पलक घरी आली. वीज आली नव्हती. मी गुंताबाईला समोर बसवले आणि हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्." आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो त्या संवत्सरीला अजून तीन महिने होते.

"त्यानं काय व्हस, अक्का?"

"माझी चूक झाली, क्षमा कर, असा त्याचा अर्थ."

तिने माझे जोडलेले हात खाली घेतले. मग म्हणाली, "इंजिन कोठे ठेवानं?"

"मोकळ्या मैदानात. वीज येईपर्यंत हातपंखा आण," मी म्हटले. "आणि दारे बठ्ठी उघड."