मुद्देमाल व्हायला घाबरणारा कुकर

मित्रांनो, मी एक जुना, पोचे आलेला आणि अजून धसका न गेलेला प्रेशर कुकर आहे. मी शिट्टी देतो तेव्हा घरच्यांना वाटते, भात झाला. खरे तर ती किंकाळी असते.

एके काळी मी चकचकीत होतो. गोंदियाच्या बाजारात अल्काबाईंनी माझ्यात तोंड पाहून केस सारखे केले आणि मला फुलचूरला घरी आणले. "कुकर गुणाचा हाय," असे त्या शेजारणींना सांगत. पुढे त्यांचा मुलगा प्रफुल्ल आखातातल्या एका देशात वेल्डिंगच्या कामाला निघाला, तेव्हा त्यांनी माझ्या पोटात घरचा चिन्नोर तांदूळ भरला आणि मला त्याच्या बॅगेत घातले.

तिथे प्रफुल्लच्या खोलीत आमच्याच जिल्ह्यातल्या सौंदडचा अश्विन राहायचा. दोघे जिवलग. एकदा प्रफुल्ल कामावर असताना अश्विनने तो राखून ठेवलेला चिन्नोर काढला आणि त्याची मसाला घालून बिर्याणी केली. मित्रांनो, तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यातले असाल तर तुम्हाला यात काही वावगे दिसणार नाही. पण चिन्नोर वासासाठी साधा शिजवतात. त्यात गरम मसाला म्हणजे अत्तरात लसूण.

"अबे, मायनं देल्लेला चिन्नोर होता तो!" प्रफुल्ल ओरडला.

"मंग का त्याची पूजा करतं?" अश्विन म्हणाला.

प्रफुल्लने माझे झाकण उचलले आणि भिरकावले. अश्विनच्या कपाळातून रक्ताची धार लागली, टाके पडले. मित्र अडकू नये म्हणून त्याने तिथल्या डॉक्टरला सांगितले, कपाटाचे दार लागले. प्रफुल्लची सुट्टी आधीच मंजूर होती. त्याने मला बॅगेत कोंबले आणि अश्विनला न भेटताच तो विमानात बसला.

घरी पोचल्यावर तो निवांत झाला. "गुन्हा तिकडंच राह्यला," तो धाकट्या बहिणीला म्हणाला. "मधात समुद्र हाय."

ही दीप्ती गोंदियात कायदा शिकते. ती मला पुसत होती. "समुद्राचं का घेऊन बसला, भाऊ? भारताचा नागरिक जगात कुठंबी गुन्हा करो, आपला फौजदारी कायदा त्याले लागू असते. खटला इथंबी चालते. फक्त त्याले केंद्र सरकारची परवानगी लागते."

"आन् हत्यार?"

"ते मुद्देमाल म्हणून जप्त होते."

फडके थांबले. दोघांनी माझ्याकडे पाहिले.

मुद्देमाल! गळ्यात चिठ्ठी, लाखेचा शिक्का, शेजारी गंजलेले कोयते! मी नागरिक नाही हे तरी कोणाला सांगू? माझ्या बुडावर भारतात बनवल्याचा ठसा आहे.

"याले तलावात फेकून येतो," प्रफुल्ल म्हणाला.

"फेक. पुरावा नष्ट करणंबी गुन्हाच हाय. आन् तो फुलचूरात होईन, त्याले दिल्लीले विचारा लागत नाही."

मी वाचलो, म्हणजे जप्तीसाठी शिल्लक राहिलो. मग पोस्टमन आला तरी प्रफुल्ल धानाच्या पोत्यांमागे जाऊ लागला. मला तर वाफच धरवेना. अल्काबाई म्हणाल्या, "म्हातारा झाला, रिंग बदला लागते."

आणि एका दुपारी दारात सुट्टीवर आलेला अश्विन उभा! कपाळावर लांब व्रण. प्रफुल्लला पोत्यांपर्यंत पोचताच आले नाही.

"बस ना बे," तो कसाबसा म्हणाला.

"बसाले नाही आलो. ठाण्यात जाऊन राहिलो तक्रार द्याले. मधात तुहं घर लागलं."

माझे झाकण आपोआप खडखडले.

"टाक्यायचं काही नाही," अश्विन म्हणाला. "तू मले तसाच टाकून आला. एक फोन काऊन नाही केला बे?"

प्रफुल्लच्या डोळ्यांत पाणी आले. "भेव लागलं. चुकलं माह्यं."

"मले नको सांगू. माही माय अजून कपाटालेच शिव्या देऊन राहिली. चाल सौंदडले. तिच्या तोंडावर सांग का कपाट नोहे, मी होतो. मंग तक्रार नाही देत."

प्रफुल्लने बराच विचार केला. "त्यापेक्षा तक्रारच दे ना."

अश्विन हसला नाही. प्रफुल्लने चपला घातल्या.

संध्याकाळी फोन आला. "मारलं का?" दीप्तीने विचारले.

"नाही," प्रफुल्लचा आवाज बसला होता. "लय रडली. मंग म्हणे, आता तिकडं तूच याच्याकडं पाहत जाय."

दोघे लवकरच परत निघणार आहेत. मलाही नेणार आहेत. फक्त झाकण अश्विनच्या बॅगेत जाईल, असे अन्नपूर्णाबाईंनी, म्हणजे त्याच्या मायने, बजावले आहे.

मित्रांनो, आम्हा भांड्यांना रागाच्या हातात देऊ नका. आणि कोणाला लागलेच, तर पळू नका, आधी त्याच्याजवळ बसा. कायदा समुद्र ओलांडून येतोच. माणसाने त्याच्या आधी पोचावे.